इंडक्शनवर सिंटरिंग : बुश का फुगतो?

प्रश्न : लोखंडाच्या पावडरीत २ टक्के तांबे, ०.८ टक्के ग्राफाइट आणि वंगण म्हणून ०.७५ टक्के झिंक स्टिअरेट घालून १० मिमी भिंतीचे बुश (नळीच्या आकाराचे पोकळ भाग) दाबतो. सिंटरिंगसाठी, म्हणजे दाबलेल्या पावडरीचे कण तापवून एकजीव करण्यासाठी, इंडक्शन (धातूतच वीजप्रवाह निर्माण करून तापवण्याची पद्धत) वापरतो. २०० किलोहर्ट्‌झच्या इंडक्शन मशीनवर ते मिनिटभरात लाल होतात. पण पृष्ठभाग फुगतो, चिरा पडतात आणि आतला भाग कच्चा राहतो. काय चुकते?

उत्तर : दोन गोष्टी, आणि पहिली जास्त महत्त्वाची. स्टिअरेट जळून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्याची वाफ आत कोंडते आणि बुश फोडते. आधी ५०० ते ६०० अंशांवर, वाहत्या वायूत, २०-३० मिनिटे वंगण काढा. यासाठी साधी भट्टी चालेल, किंबहुना तीच बरी.

दुसरी गोष्ट फ्रीक्वेन्सीची. सुमारे ७७० अंशांपुढे लोखंडाचे चुंबकत्व जाते. त्यानंतर भरीव लोखंडात २०० किलोहर्ट्‌झचा प्रवाह जेमतेम सव्वा मिलिमीटर शिरतो, १० किलोहर्ट्‌झचा साडेपाचच्या आसपास. म्हणून पृष्ठभाग आधी तापतो आणि आतला भाग कच्चा राहतो. तुमच्या भिंतीला १० किलोहर्ट्‌झच योग्य. चुंबकत्व गेल्यावर तापण्याचा वेग मंदावतो. तेव्हा घाईने पॉवर वाढवू नका.

१,१२० अंशांवर निदान काही मिनिटे थांबा. तांबे १,०८३ अंशांना वितळून पसरते, पण ग्राफाइटमधला कार्बन लोखंडात मुरायला वेळ लागतो. भोवतीचा वायू : नायट्रोजनमध्ये ५ ते १० टक्के हायड्रोजन, आणि तो अगदी कोरडा, म्हणजे दवबिंदू (वायूतली वाफ ज्या तापमानाला साकळते ते) उणे ४० अंशांच्या खाली. तापमान मोजायला दुरंगी पायरोमीटर (दोन तरंगलांबींच्या प्रकाशाची तुलना करून लांबूनच तापमान सांगणारा मीटर) घ्या. एकरंगी मीटर पृष्ठभाग बदलला की फसवतो. शंका वाटली तर एक बुश कापून मधल्या भागाची कठिनता तपासा.