प्रोस्टेटच्या कर्करोगातील प्रथिनांचे बदल अभ्यासायचे असल्यास सुरुवात कोठून करावी?

आपण विचारले आहे की, प्रोस्टेटचा कर्करोग सौम्य अवस्थेतून आक्रमक अवस्थेत जाताना त्यातील प्रथिने कशी बदलतात, हे पदव्युत्तर प्रकल्पात अभ्यासायचे असेल तर सुरुवात कोठून करावी आणि जनुकांची एवढी माहिती उपलब्ध असताना प्रथिने वेगळी मोजण्याची गरज काय. मी काही वर्षे याच विषयावर प्रयोगशाळेत काम केले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो.

जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएचे प्रमाण आणि प्रत्यक्ष प्रथिनाचे प्रमाण यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, कारण प्रथिन किती काळ टिकते, त्याला फॉस्फेट जोडले गेले आहे का आणि पेशीत ते कोठे जाऊन बसते, हे आरएनएवरून कळत नाही. या रोगात तर बरेच काही अँड्रोजेन रिसेप्टर या, टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके ज्याला जोडली जातात अशा, एका प्रथिनाभोवती फिरते. टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा तोडला की पसरलेला रोगही मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे रोग उलटतो तेव्हा हा रिसेप्टर बहुधा नाहीसा झालेला नसतो. त्याचे प्रमाण वाढलेले असते किंवा त्याचे रूप बदललेले असते. एआर-व्ही७ या रूपात संप्रेरक जेथे जोडले जाते तो भागच नसतो, म्हणून संप्रेरकाविनाही ते काम करत राहते. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ६२ रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या कर्करोगपेशी तपासल्या. ज्यांच्यात एआर-व्ही७ आढळले, त्यांपैकी एकाही रुग्णाचा पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) संप्रेरकाचा मार्ग रोखणाऱ्या एन्झालुटामाइड किंवा अ‍ॅबिराटेरॉन या औषधांनी अपेक्षेइतका उतरला नाही. तेथे मोजला होता तो आरएनए. केंद्रकात पोहोचलेले एआर-व्ही७ प्रथिनच रंगवून पाहणारी चाचणी नंतर आली. मला ती अधिक नेमकी वाटते, कारण काम करणारा घटक तीत प्रत्यक्ष दिसतो.

आता सुरुवातीविषयी. माझे ठाम मत आहे की, या अभ्यासाचे यश प्रथिने मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रापेक्षा नमुन्यावर अधिक अवलंबून असते. पहिल्या वर्षी मी गाठीचा तुकडा आणि शेजारचा निरोगी तुकडा सरसकट दळून त्यांची तुलना केली, तेव्हा डेस्मिन, कॅव्हिओलिन-१ आणि स्नायूंतील मायोसिन ही प्रथिने गाठीत ठळकपणे घटलेली दिसली. मी त्यावर कित्येक आठवडे विचार करत राहिलो. अखेर आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला बोलावले आणि दाखवले की, निरोगी प्रोस्टेटमध्ये ग्रंथींच्या भोवती गुळगुळीत स्नायूंचे व तंतूंचे भरपूर ऊतक असते, तर गाठीत ती जागा कर्करोगाच्या ग्रंथींनी व्यापलेली असते. मी जे मोजले होते ते पेशींच्या मिश्रणातील बदल होते. एकाही पेशीतले प्रथिन बदलल्याचा तो पुरावा नव्हता. म्हणून शक्य असेल तर लेझरच्या साहाय्याने नेमक्या पेशी कापून घ्या. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक तुकड्याला लागून असलेली काचपट्टी पाहून त्यात कर्करोगपेशी किती टक्के आहेत याची नोंद ठेवा.

नमुना किती काळ आणि कसा साठवला होता, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या शतकाच्या सुरुवातीला रक्तद्रवातील प्रथिनांच्या आकृतिबंधावरून प्रोस्टेटचा कर्करोग ओळखता येईल अशी मोठी आशा निर्माण झाली होती, परंतु अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत २००८ पर्यंत ती टिकली नाही. आधीच्या नमुन्यांच्या निवडीत आणि साठवणुकीच्या काळात असलेला फरकच यंत्राला दिसत होता. फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनांचा अभ्यास करायचा असेल तर आणखी जपावे लागते, कारण रक्तपुरवठा थांबल्यापासून काही मिनिटांतच ती बदलू लागतात.

नवख्या विद्यार्थ्याला एका गोष्टीचा हमखास गोंधळ होतो. रोग वाढला की रक्तातील पीएसए वाढतो, मग कर्करोगाच्या प्रत्येक पेशीत तो अधिक बनत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ग्लीसन श्रेणी (सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून ठरवलेली कर्करोगाची आक्रमकता) वाढते तसा दर पेशीमागे तो सहसा कमी होतो. ग्रंथींची रचना मोडल्यामुळे तो रक्तात अधिक झिरपतो. आणि शेवटी काही गाठी न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे चेतापेशींसारखे गुण असलेले, रूप घेतात, तेव्हा अँड्रोजेन रिसेप्टर व पीएसए दोन्ही मावळतात आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन ही प्रथिने दिसू लागतात. म्हणजे पीएसए कमी असूनही रोग वेगाने पसरत असू शकतो.

रुग्णांचे ऊतक मिळण्यास नैतिक समितीच्या मंजुरीमुळे वेळ लागेल, तोवर एलएनकॅप आणि तिच्यापासूनच तयार केलेली सी४-२ या पेशीरेषांची (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगपेशींची) तुलना करा. पहिली संप्रेरकावर अवलंबून असते, दुसरी त्याविनाही वाढते. पीसी-३ ही पेशीरेषा पुष्कळ जण केवळ सोयीची म्हणून घेतात, पण तिच्यात अँड्रोजेन रिसेप्टर जवळजवळ नसतोच, त्यामुळे आपल्या प्रश्नासाठी ती एकटी घेऊ नका. यंत्राने दिलेल्या यादीतून चार-पाच प्रथिने निवडा आणि ती वेगळ्या रुग्णांच्या पॅराफिनमधील कापांवर प्रतिपिंडांनी रंगवून तपासा. रंगवताना पी६३ (निरोगी ग्रंथीच्या तळपेशींत दिसणारे प्रथिन) आणि रेसमेज (कर्करोगपेशींत वाढणारे प्रथिन) यांसाठी रंगवलेले काप सोबत ठेवलेत, तर आपण खरोखर कर्करोगाच्याच ग्रंथीकडे पाहत आहात याची खात्री प्रत्येक वेळी करता येईल.