पाळकाने मन मोकळं कुणापाशी करावं?

वास्कोतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक लिहितात: "आमची मंडळी लहान. बहुतेक जण पोटापाण्यासाठी सोलापूर-सांगलीकडून आलेले. घरातली भांडणं, कर्ज, दारू, सगळं माझ्या कानावर येतं. गेल्या पावसाळ्यात माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं, रात्र-रात्र झोप नाही. कमिटीतल्या एका भावाला विश्वासाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पाळकसाहेबांच्या मनःशांतीसाठी प्रार्थना करा'! तेव्हापासून मी गप्प. जे काही असेल ते बायकोला सांगतो, तीही आता थकलीय. सेमिनरीतला जिवलग मित्र कुडाळला आहे, पण एका कामावरून आमचं वाजलं, दोन वर्षं बोलणं नाही. एक ज्येष्ठ म्हणतात, सेवकाला प्रभू पुरेसा, माणसांवर कशाला विसंबायचं? ताई, सेवकाने जवळचे मित्र ठेवावेत की नाही?"

पाळकसाहेब, सलाम.

ठेवावेत. ज्येष्ठांचं बोलणं ऐकायला मोठं भक्तीचं वाटतं, पण गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, खुद्द प्रभू येशूने काय केलं ते त्यांना विचारा. पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं, माझा जीव अतिशय खिन्न झालाय असं सांगितलं आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. तिघेही झोपले, हा भाग वेगळा. पण मागितली ना सोबत? शिष्यांना गावोगावी पाठवलं तेही दोघा-दोघांना.

आणि प्रेषित पौल! आपण त्याला एकटा वीर करून टाकलाय. त्याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय उपासनेत कुणी वाचायला घेत नाही, कारण त्यात नुसती नावंच नावं: फीबी, प्रिस्किल्ला, अक्विला आणि कितीतरी. तीच त्याची माणसं होती. शेवटी कैदेत असताना आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की देमास सोडून गेला, फक्त लूक जवळ आहे, तू हिवाळ्याआधी ये, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण. अन् येताना मार्कालाही घेऊन ये, तो सेवेत माझ्या उपयोगाचा आहे. हा तोच मार्क, जो पंफुल्यात अर्ध्यावर सोडून गेला होता आणि ज्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सेवेतला सोबती बर्णबा यांचं इतकं फाटलं की दोघे दोन वाटांनी गेले. तुमचं आणि कुडाळकरांचं त्याहून मोठं वाजलंय का?

तुम्ही प्रोटेस्टंट, तरी गोव्यात राहून एक गोष्ट ऐकायला हरकत नाही. संत फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले. पुढे 1546 मध्ये दूर अंबोईना बेटावरून त्यांनी युरोपातल्या सोबत्यांना लिहिलं की तुमच्या पत्रांतून तुम्ही आपल्या हाताने लिहिलेली नावं मी कापून घेतली आहेत आणि ती सतत जवळ बाळगतो. ज्या माणसाच्या दर्शनाला जुन्या गोव्यात रांगा लागतात, त्याला चार कागदाच्या कपट्यांचा आधार लागत होता. मग तुम्ही-आम्ही कोण?

आता तुमच्या कमिटीतल्या भावाविषयी. 'प्रार्थनेचा विषय' या नावाखाली आपल्या मंडळ्यांत किती घरं वेशीवर टांगली जातात हे मी आयुष्यभर पाहिलंय, तेव्हा तुमचा राग मला कळतो. पण मला वाटतं, त्याने दगा दिला नाही, फक्त पाचपोच ठेवला नाही. त्याला घरी बोलवा आणि स्पष्ट सांगा: "ते मी फक्त तुला सांगितलं होतं, ग्रुपवर गेलं तेव्हा फार लागलं." तो ओशाळला तर माणूस कामाचा आहे, हिशेब, हॉलचं भाडं, आजाऱ्यांच्या भेटी यांत त्याला बरोबर घ्या. दानाची रक्कम मोजताना तर दुसरा माणूस हवाच, त्यात कुणाच्या सचोटीचा प्रश्न नाही. मनातलं मात्र पुन्हा त्याच्यापाशी नको. हाताखालचा सोबती आणि जिवाचा सोबती एकच असावा असं थोडंच आहे?

जिवाचा सोबती शक्यतो मंडळीबाहेरचा बघा. ज्याचा पगार, पद किंवा लग्न तुमच्या हातात नाही आणि तुमचंही त्याच्या हातात नाही, असा. तुम्ही चुकलात तर "चुकलास" म्हणेल असा. असा माणूस तुमच्याकडे आहे, कुडाळात. मडगावहून गाडी पकडा, सोमवारी तुम्हाला मोकळीक असेलच. फोनवर जुना विषय उकरू नका, फक्त "येतोय" म्हणा. मंडळीतल्यांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं मात्र तिथेही नावानिशी बोलायचं नाही, नाहीतर तुमच्यात आणि कमिटीतल्या भावात फरक काय?

झोपेची तक्रार पुन्हा सुरू झाली तर मित्रावर भागवू नका, डॉक्टरला दाखवा. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे. तिथे जाण्याने कुणाचा विश्वास कमी होत नाही.

राहिल्या पाळकीणबाई. मंडळीचं ओझं तुमच्यावर, आणि तुमचं त्यांच्यावर. त्यांनी कुणापाशी बोलायचं? त्यांनाही एखादी मैत्रीण असू द्या, महिन्यातून एखादी दुपार त्यांची त्यांना मिळू द्या, तेवढा वेळ मुलं तुम्ही सांभाळा. आणि परत आल्यावर "काय बोललीस?" असं विचारू नका.

तुमची,
ताई