दाणे वेचून दिलेली मिसळ

"मॅडम, आता याला घेऊन बाहेर खायला जाणंच बंद करावं का?"

मी नाशिकमध्ये कुटुंबांचं समुपदेशन करते. इंदिरानगरहून आलेल्या एका आईने विचारलं. मुलगा आठ वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. दूध, अंडं किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या मुलांचे पालकही मला हेच विचारतात, म्हणून ही हकिगत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका रविवारी सकाळी आजीसकट सगळं घर गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायला गेलं. गर्दी अशी की टेबल मिळायला पाऊण तास लागला. आईने ऑर्डर देतानाच सांगितलं, "याच्या ताटात शेंगदाणे नकोत." वेटर भला माणूस. त्याने फरसाणातले दाणे चमच्याने एकेक वेचले आणि ताट समोर ठेवत म्हणाला, "सगळे काढले, ताई." तीन-चार घासांतच मुलाचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. औषध पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. परतताना गाडीत भांडण पेटलं, ते महिना झाला तरी विझलं नव्हतं. बाबा म्हणतात, किती बाऊ करतेस. आजी म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. आणि आईच्या मनात वेगळंच. "गरोदर असताना मी खूप चिक्की खायचे. त्यामुळे तर नाही ना झालं?"

नाही. गरोदरपणी दाणे टाळा, असं आज डॉक्टरही सांगत नाहीत. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिने ते ऐकलंच नव्हतं.

मग मुलाशी एकट्याने बोलले. हॉटेलात काय खायला आवडतं, असं विचारलं.

"तिथे मला भूक नसते."

"आणि घरी?"

"घरी असते." बुटाची लेस तो बोटाला गुंडाळत राहिला, मग म्हणाला, "मी काही मागितलं की आई घाबरते आणि बाबा चिडतात."

आईला वाटत होतं, पोरगं खाण्याचे नखरे करतंय. आपल्या भुकेमुळे घरात भांडण होतं, असा अर्थ त्याने लावला होता. बाहेर जाणं बंद केलं असतं तर तो अर्थ पक्का झाला असता. शिवाय ॲलर्जीने जीवावर बेतण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो किशोरवयात आणि तरुणपणी. सोळाव्या वर्षी हा मित्रांबरोबर कॉलेज रोडला उभा असेल, तेव्हा आई सोबत नसेल. विचारायची सवय आत्ताच लागायला हवी.

आधी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं, लेखी सूचना घ्यायला. नुसत्या गांधी उठल्या तर काय द्यायचं, आणि श्वास लागला, आवाज घोगरा झाला, सारख्या उलट्या झाल्या किंवा मूल गळून पडलं तर काय करायचं. अशा वेळी ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेही ताबडतोब, आणि 108 ला फोन. डॉक्टरांनी ते इंजेक्शन लिहून दिलं, बाबांना द्यायला शिकवलं. त्या दिवसापासून 'बाऊ' हा शब्द बाबांच्या तोंडून गेला.

मग आम्ही प्रश्न बदलला. "शेंगदाणे आहेत का?" म्हटलं की वेटरच्या डोळ्यांसमोर अख्खे दाणे येतात. कूट येत नाही, चटणी येत नाही, साबुदाणा वडे तळलेली कढई येत नाही, घाण्याचं तेल येत नाही. फरसाणातला दाणा उचलला तरी त्याचा चुरा मागे राहतोच. म्हणून विचारायचं ते जो स्वयंपाक करतो त्याला, तेही रविवारी दहा वाजता नाही, तर आठवड्यातल्या एखाद्या निवांत दुपारी फोन करून. स्वयंपाकघरातली बरीच मुलं हिंदी बोलणारी असतात, म्हणून आईने चिठ्ठीवर 'मूंगफली' असंही लिहिलं. 2020 च्या नियमांप्रमाणे दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांनी मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यायची असते. पण आपण सहकुटुंब जातो ती बहुतेक हॉटेलं एकाच मालकाची, एकाच जागेची. तिथे मेनूकार्डावर विसंबता येत नाही.

आजींना मी मुद्दाम बोलावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कूट नाही तर मी त्याला खायला घालू काय?" इतके दिवस हट्ट वाटत होता, ती त्यांची काळजी होती. खोबरं त्याला चालतं, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं. आजींनी लगेच खोबऱ्याची चटणी मनावर घेतली.

दोन महिन्यांनी ते एका बुधवारी संध्याकाळी सातला बाहेर पडले. पहिल्या ठिकाणी मालक सरळ म्हणाले, "सगळं एकाच कढईत तळतो, मी खात्री देणार नाही." हे मला फार मोलाचं वाटतं. बाबांनी त्यांचे आभार मानले आणि सगळे उठले. दुसऱ्या ठिकाणी मुलानेच विचारलं, "काका, इडलीत, सांबारात दाणे किंवा कूट आहे का? चटणीत?" वेटर आत जाऊन आला. चटणीत होतं. इडली-सांबारात नव्हतं. चटणी टेबलावर नकोच, असं आईने सांगितलं आणि आजींचा डबा उघडला.

त्याने चार इडल्या खाल्ल्या. पाचवी मागितली, तेव्हा बाबांनीच वेटरला हाक मारली.