प्रश्न तुमचे: खग्रास ग्रहण आणि वाळवंट

प्रश्न: ताई, 2 ऑगस्ट 2027च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इजिप्तला जायचं मनात आहे. लक्झरला हॉटेलात राहावं की आत वाळवंटात तंबू घेऊन खग्रास पट्ट्याची मध्यरेषा गाठावी, ठरत नाहीये. मिस्टर म्हणतात, एवढी यातायात कशाला, कैरोतूनही सूर्य जवळजवळ झाकलेला दिसेलच. सोबत सत्तरीची आई आहे, तिचे गुडघे दुखतात. तिला न्यावं का?

उत्तर: आधी मिस्टरांचं बघू. पूर्ण सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे 4 लाख पट तेजस्वी असतो. त्याचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी 4 हजार पौर्णिमांचा उजेड उरतो, आणि त्या उजेडात प्रभाकिरीट, म्हणजे सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय, पार बुडून जातो. चंद्राची गडद सावली जमिनीवरून ज्या वाटेने सरकते तो खग्रास पट्टा, आणि कैरो त्याच्या बाहेर आहे. तिथे चष्म्यातून सूर्याची कोर दिसेल, त्यापलीकडे काही नाही. इतका प्रवास करून कैरोत थांबणं म्हणजे दारापर्यंत जाऊन परत फिरणं. तेवढं मात्र करू नका.

वाळवंटाची तुमची ओढ मला कळते. 29 मार्च 2006ला मी लिबियात होते, जालूच्या दक्षिणेला, सहारात. चहूकडे सपाट रेती आणि बारीक खडी, नजर अडेल असं एक झुडूपही नाही. वाळवंटात लोक निरभ्र आकाशासाठी जातात हे खरंच, पण मला विचाराल तर खरी कमाई क्षितिजाची आहे. चंद्राची सावली नैर्ऋत्येकडून आली. आधी तिकडचं आकाश काळवंडलं, मग तो काळोख वर वर चढत आला. शुक्र केव्हाच दिसायला लागला होता. शेवटच्या क्षणांत पायाखालच्या फिकट वाळूवर छायापट्टे धावू लागले, उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाच्या रेघा थरथरतात ना, अगदी तसे. वारा पडला, भर दुपारी गारठा जाणवला. मग सूर्याच्या जागी काळी चकती, भोवती मोतिया रंगाचा प्रभाकिरीट, आणि सगळीकडून क्षितिजावर संध्याकाळचा केशरी पट्टा. सगळं मिळून चार मिनिटं. तुम्हाला लक्झरच्या परिसरात सहा मिनिटांहून जास्त मिळणार आहेत. कमाल काळ 6 मिनिटं 23 सेकंद आहे, आणि यानंतर इतकं लांबलेलं खग्रास थेट 2114मध्ये.

तरीही माझा सल्ला असा की मुक्काम लक्झरलाच करा आणि ग्रहणाच्या दिवशी गाडीने शहराबाहेरच्या उघड्या माळावर जा. मार्चचा सहारा वेगळा आणि ऑगस्टचा वेगळा. तिथे त्या दिवसांत पारा चाळिशीपार असतो, त्यात तंबूतली दुपार आईंना सोसणार नाही. शिवाय मुख्य रस्ता सोडून वाळवंटात आत जायचं तर परवानगी काढावी लागते. मध्यरेषेचा हट्टही सोडा. सावली साधारण गोल असते, त्यामुळे मध्यरेषा आणि पट्ट्याची कड यांच्या बरोबर मधोमध उभं राहिलं तरी सुमारे 87 टक्के काळ पदरात पडतो, म्हणजे साडेपाच मिनिटं. लक्झर तर मध्यरेषेच्या खूपच जवळ आहे. तिथून आणखी काही सेकंदांसाठी वाळूत गाडी रुतवण्यात अर्थ नाही.

आईंना जरूर न्या. खग्रास दुपारी एकच्या सुमारास सुरू होईल, तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, 82 अंशांवर. उभ्याने मान मागे टाकून पाहणं तुम्हालाही जड जाईल. म्हणून पाठ मागे कलती होणारी घडीची आरामखुर्ची भाड्याने घ्या. खंडग्रास भाग आधी दीडेक तास चालतो, तेवढा वेळ त्यांना गाडीत किंवा छत्रीखाली बसू द्या. शेवटची पंधरा मिनिटं बाहेर यायचं, तोपर्यंत ऊन बरंच मवाळ झालेलं असतं. चष्मा कधी काढायचा आणि कधी लावायचा, याची त्यांच्याकडून घरीच तालीम करून घ्या. सूर्य पूर्ण झाकला गेला की काढायचा, कडेला प्रकाशाचा पहिला ठिपका फुटला की लगेच लावायचा. चष्म्यावर आयएसओ 12312-2 हे मानक छापलेलं आहे ना, बघून घ्या. नुसत्या छापावर विसंबू नका, खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

प्रश्न: नवीन कॅमेरा घेतलाय. वाळवंटातल्या ग्रहणाचे फोटो काढताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: पहिलंच खग्रास असेल तर कॅमेरा घरी ठेवा, असं मी अगदी मनापासून सांगते. प्रभाकिरीटाचे उत्तम फोटो दुसरे लोक काढणारच आहेत. तुमच्या डोळ्यांना त्यातल्या बारीक धाग्यांपासून झगझगीत कडेपर्यंतचं सगळं एका नजरेत दिसतं, कॅमेऱ्याला त्यासाठी कितीतरी वेगवेगळे फोटो घेऊन जोडावे लागतात. मोबाइल स्टँडवर लावून क्षितिजाकडे आणि तुमच्या माणसांकडे तोंड करून चित्रीकरण सुरू करा आणि विसरून जा. त्यातले आवाज पुढे फार मोलाचे वाटतात.

कॅमेरा न्यायचाच असेल, तर खंडग्रासात फिल्टर भिंगाच्या पुढे हवा. ट्रायपॉडचं डोकं 82 अंशांपर्यंत वर वळतं का, हे निघण्याआधी तपासा. बऱ्याच ट्रायपॉडांचा दांडा मधेच अडतो. वाळवंटात भिंग बदलू नका. कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही पांढऱ्या कापडाखाली ठेवा, कारण तापलेला मोबाइल ऐन वेळी बंद पडतो.

प्रश्न: ग्रहण झाल्यावर त्याच रात्रीचं परतीचं विमान घेतलं तर चालेल का?

उत्तर: नको. खग्रास संपलं की सगळ्या गाड्या एकदम निघतात आणि रस्ते तासन्‌तास तुंबतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं तिकीट काढा, आणि गाडीत परतीच्या वाटेसाठी वेगळं पाणी ठेवा.