मुलांचाच राग येतो, मग मी शिकवावं का?

“वर्गात पाऊल टाकलं की मुलांचा राग येतो. मी या पेशाला लायक नाही का?” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच शिक्षक हे विचारतात, आणि विचारताना आवाज खाली जातो. उत्तरादाखल चाकण परिसरातल्या एका अनुदानित शाळेतल्या गणिताच्या बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

शाळेतले दोन शिक्षक निवृत्त झाले, जागा भरल्या गेल्या नाहीत, म्हणून सातवीच्या दोन तुकड्या एकाच खोलीत आल्या. पट ७२. दोघांच्या बाकावर तिघं-चौघं, दारापाशी दप्तरांचा ढीग. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवता पोचवता बाईंचा घसा कायमचा बसलेला. वर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं होतंच.

पण बाई माझ्याकडे आल्या त्या घशासाठी नव्हे. पालकसभेत एका मुलाच्या आईनं विचारलं, “आमचा कसा आहे, बाई?” त्यांना चेहराच आठवेना. त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, “हुशार आहे, पण लक्ष देत नाही.” हे वाक्य कुठल्याही मुलाला चालतं. संध्याकाळी घटक चाचणीच्या गुणांची यादी उघडली, तर त्या मुलाला २० पैकी १९. शांत मुलगा, कधी हात वर न करणारा. “त्याला घरी बोलणी बसली असतील, तीही माझ्यामुळे,” असं म्हणून बाई रडल्या.

गणिताच्या शिक्षिका, म्हणून मी कोरा कागद पुढे केला. ३५ मिनिटांची तासिका, ७२ मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला ३० सेकंदही येत नाहीत. त्यांच्याकडे असे तीन वर्ग, मिळून २१० वह्या. वहीला दोन मिनिटं धरली तरी सात तास. बाई आकड्याकडे बघत राहिल्या. रोज रात्री ज्या कामात आपण कमी पडतो असं त्यांना वाटायचं, ते मुळात एका माणसाचं कामच नव्हतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो. कलम वाचून खोली रिकामी होत नाही हे खरं, पण दोष नेमका कुठे मांडायचा ते तरी कळतं.

रागाचंही तसंच. कामाच्या अतिताणावर अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: पार थकून जाणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासूनच मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मुलांचा राग ही यातली दुसरी खूण. त्यावरून माणसाची लायकी ठरवू नये. आणि शिक्षकांना सभागृहात बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावणारी शिबिरं मला पटत नाहीत. श्वास जरूर घ्यावा, पण ७२ चे ३६ त्यानं होत नाहीत.

आम्ही ठरवलं ते छोटं होतं. रोज प्रत्येक वर्गाच्या सहाच वह्या, पण नीट वाचायच्या. बाकीच्यांनी फळ्यावरची उत्तरं बघून शेजाऱ्याची वही तपासायची. म्हणजे शाळेच्या बारा दिवसांत सातवीतलं प्रत्येक मूल एकदा बाईंच्या नजरेखालून जातं. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, कारण शाळेच्या तपासणीला प्रत्येक पानावर लाल खूण लागते. शेवटी गृहपाठापुरतं “करा” म्हणाले. जागा भरण्याचं मात्र संस्थेकडे बोट दाखवून मोकळे झाले, आणि ते अजून तसंच आहे.

पुढच्या भेटीत बाई वेगळंच सांगू लागल्या. सहापैकी चार वह्यांत अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश! अंशात अंश, छेदात छेद मिळवलेला. घाईत शंभर वह्यांवर खुणा करताना ही चूक त्यांना दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर अर्धी भाकरी काढली आणि विचारलं, “दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? मग आणखी भाकरी घेऊन वाटा कमी कसा झाला?” मागच्या बाकांवरून एकदम “आँ!” आलं. “साठेक मुलांना एका क्षणी कळलं हो,” बाई सांगत होत्या, “वीस जणांच्या वर्गात एवढा आवाज झाला नसता.” गर्दीच्या वर्गातलं हे सुख मला त्यांच्याकडूनच कळलं.

१९ गुणांच्या त्या मुलाच्या आईला त्यांनी फोन केला. राग अजूनही येतो, विशेषतः जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला. पण आता तो घरी येत नाही.

हे सगळ्यांना पुरेल असं नाही. झोप उडाली असेल, सुट्टी लागूनही मन हलकं होत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर वह्यांची युक्ती बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.