खुब्याचं हाड मरत असेल (एव्हीएन), तर गोळ्यांनी थांबतं का?
भावाचा एव्हीएन दुसऱ्या टप्प्यात आहे म्हणता, म्हणजे खुब्याचा गोळा अजून चपटा झालेला नाही. औषधाचा उपयोग झालाच तर याच वेळी. सहसा अ‍ॅलेंड्रोनेट देतात, आठवड्याला 70 मिलिग्रॅम. मेलेलं हाड त्याने जिवंत होत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशी आवरल्या जातात, म्हणजे नवं हाड भरेपर्यंत गोळा ढासळू नये. मुंबईचे हाडांचे डॉक्टर संजय अगरवाला यांचे या औषधाचे अनुभव आशादायक आहेत, पण तैवानमधल्या 2012च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक दिसला नाही. तेव्हा हमखास इलाज समजू नका.

गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास अजिबात आडवं व्हायचं नाही, अन्ननलिका पोळते. दात काढायचा असेल तर गोळी सुरू करण्याआधीच उरका. स्टेरॉइड आणि दारू या दोन्हींमुळे एव्हीएन होऊ शकतो. तरी स्टेरॉइड चालू असेल तर मनाने बंद करू नका. दारू मात्र आजच सोडायला लावा.