पिशवी काढली तं लघवी सुटणं थांबते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या काकूंचा हा प्रश्न. वय 54, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, रोजानं कापूस वेचायला जाणाऱ्या. खोकला आला, गाठोडं उचललं की लघवी निसटायची. शेजारणीनं पिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. वास येऊ नये म्हणून काकू वावरात दिवसभर पाणीच पीत नव्हत्या.

गर्भपिशवी वेगळी, लघवीची पिशवी वेगळी. काकूंची लघवी निसटत होती ती खालून आधार देणारे स्नायू सैल पडल्यामुळे. बाळंतपणं, ओझी, जुना खोकला, शौचाला जोर लावणं आणि पाळी गेल्यावर घटलेलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक, सगळ्याचा तो परिणाम. गर्भपिशवी काढून हे स्नायू घट्ट होत नाहीत, उलट पुढं त्रास वाढू शकतो. पाळी चालू असतानाच अंडाशयंही काढली, तर हाडांची झीज लवकर सुरू होते. पाणी तोडलं की लघवी दाट होते, घाई वाढते, शौचाला खडा होतो. विदर्भाच्या उन्हात तर ते जिवावरच बेतू शकतं.

हे स्नायू घट्ट करायचा व्यायाम असा: वायू आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आतून वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, तितकाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकींचं चुकतं ते इथंच. काकूही श्वास कोंडून खाली जोर देत होत्या, त्यानं त्रास वाढतोच. म्हणून पोटावर हात ठेवून आकडे मोठ्यानं मोजायला लावले. बोलता येतं म्हणजे श्वास मोकळा आहे. लघवी करता करता मधेच थांबवून सराव करू नये. शिंक येण्याआधी, ओझं उचलण्याआधी मात्र आवळून धरायचं. फरक पडायला तीन महिने लागतात.

“दिवसभर वावरात राबतो, आनखी व्यायाम कायले?” असं काकू म्हणाल्या. वेचणीत कंबर दुखते, पण मांड्यांना ताकद येतेच असं नाही. खाटेच्या काठावरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, बसायचं. रात्री घाईत अंगणातल्या संडासकडं जाताना तोल सांभाळतात त्या मांड्याच, आणि हाडं ठिसूळ असली की एका पडण्यात खुबा मोडतो.

जेवणात भाकर न् ठेचा. 50 किलो वजनाला रोज साधारण 50 ग्रॅम प्रथिनं हवीत: घट्ट वरण, चून म्हणजे पिठलं, अंडं, दही. कॅल्शियम 1200 मिलिग्रॅम. पेलाभर दुधात 250 च्या आसपास मिळतं, म्हणून तीळ, शेवग्याचा पाला रोजच्या खाण्यात हवा. तंबाखू हाडं पोखरते, ती सोडायची.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, अंग बाहेर येणं, यातलं काही असेल तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडं जायचं. साखरही तपासून घ्यायची.

तीन महिन्यांनी काकूंचं खोकल्यावर निसटणं जवळपास थांबलं. भरलं गाठोडं उचलताना अजून थेंब जातो, म्हणून आता त्या कापूस दोन खेपांत नेतात.